इंजिनिअर कुकसाहेबांची झाडं

गेल्या पावसाळ्यात हातकणंगल्याच्या आजीला परसात औषधी अशोक लावायचा होता. रोप आणायचं काम माझ्याकडे आलं. मी एका नर्सरीत अशोक मागितला, त्यांनी अशोकच दिला आणि मी ऐटीत घरी आलो. आजीने पानं बघितली आणि कपाळाला हात लावला. तो होता कॉलेजच्या रस्त्याकडेला लावतात तो सरळसोट उंच वाढणारा! आजीला हवा होता केशरी फुलांचा, सीतेचा अशोक.

चूक माझीच. पहिल्याचं शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, म्हणजे लांब पानांचा. आता त्याला मोनून लाँगिफोलियम म्हणतात. दुसरा सराका असोका; त्यातला 'असोका' म्हणजे आपलाच अशोक, लॅटिन कपडे घातलेला. चाफ्याचं तर विचारूच नका. सोनचाफा मॅग्नोलिया, पांढरा चाफा प्लुमेरिया (प्लुमिए नावाच्या फ्रेंच माणसावरून), हिरवा चाफा आर्टाबोट्रिस, नागचाफा मेसुआ. नुसता 'चाफा द्या' म्हटलं तर काय हातात पडेल ते नशीब!

हे शोधताना थिओडोर कुक भेटले, आणि मी उडालोच. कारण हा माणूस आपल्यातलाच, इंजिनिअर! जन्म आयर्लंडमध्ये, 1836 साली. डब्लिनला शिकून 1860 मध्ये ते मुंबई-बडोदा रेल्वेत आले आणि वसईचा लोखंडी पूल त्यांनी बांधला. 1865 पासून 1893 पर्यंत ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्रिन्सिपॉल होते. अठ्ठावीस वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात किती प्रिन्सिपॉल बदलतील ते मी लिहीत नाही.

पण याच काळात साहेबांना झाडांचं वेड लागलं. सुकवलेले नमुने जमवायचे, नोंदी ठेवायच्या. गणेशखिंडीच्या बागेचे वुड्रो हेही त्याच कामात होते. निवृत्तीनंतर लंडनला गेल्यावर कुक यांनी क्यूच्या बागेतले नमुने ताडून पाहत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो 1901 ते 1908 मध्ये भागाभागाने आला. सिंधपासून कानडी मुलखापर्यंतची झाडं त्यात आहेत. मला सगळ्यात आवडलं ते हे की शास्त्रीय नावाबरोबर ते लोकांच्या तोंडचं नावही देतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी गत उलटी आहे. लॅटिन नाव पटकन वाचता येतं, मराठी नाव आजीला विचारावं लागतं.

1910 मध्ये कुक वारले. त्यांच्या काळच्या पुस्तकांत सीतेच्या अशोकाला सराका इंडिका म्हणत, म्हणजे शास्त्रीय नावंही बदलतात. पण बदल कुठे झाला ते लिहून ठेवलेलं असतं. नर्सरीतल्या पाटीचं तसं नाही.

दुसऱ्या खेपेला मी चिठ्ठीवर सराका असोका लिहून नेलं. नर्सरीवाल्या काकांनी चिठ्ठी उलटसुलट बघितली, आत जाऊन एका म्हाताऱ्या माळ्याला दाखवली आणि मागच्या वाफ्यातून रोप काढून दिलं. पहिला अशोक आजीने फेकला नाही. तो आता गोठ्याच्या कडेला आहे.