पंडिता रमाबाई: हातातलं काम हेच पाचारण

आजचं वाचन: कलस्सैकरांस पत्र ३:२२-२४, योहान ४:१-३०



रोह्याहून दिव्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत नागोठण्याला माझ्याबरोबर चर्चमधली एक मुलगी चढते. ऑफिसात दिवसभर बिलांच्या नोंदी करते. परवा ती म्हणाली की देवाची सेवा करायचं वय निघून चाललंय आणि आपण नुसते आकडे भरत बसलोय. पनवेल आलं, ती उतरली, पण मला काही उत्तर सुचलं नाही.

रात्री वरचा उतारा वाचला. जे काही कराल ते माणसांसाठी नाही, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असं पौल सांगतो. पण हे तो कोणाला सांगतोय? मंडळीच्या पुढाऱ्यांना नाही, तर दासांना! घरातलं सगळ्यात हलकं काम ज्यांच्या वाट्याला यायचं, त्यांना. तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. तीर्थक्षेत्री पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आतच पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या.

डॉक्टर व्हायचं असं ठरवून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो रस्ताच बंद झाला. विचार करा, केवढी निराशा! पण तिथे त्यांनी पाहिलं की समाजाने टाकलेल्या स्त्रियांना काही ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळतायत. हे प्रेम येतं कुठून, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ती त्यांच्या मनात घर करून राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे पुष्कळ माणसं दुरावली.

मायदेशी परतून ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. खर्चाला हातभार लागावा म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायचं ठरवलं. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

आता यांचं करायचं काय? नुसती प्रार्थना शिकवून भागणार नव्हतं. पाणी हवं म्हणून विहिरी खोदल्या. मुली शेतात राबल्या, कापड विणलं, शिवण शिकल्या. तेलाचा घाणा चालला, गाईगुरं आली. अंध मुलींनाही वाचायला आणि हाताने काम करायला शिकवलं. ज्यांना घरच्यांनी ओझं मानलं होतं, त्यांच्या हातचं दुसऱ्याच्या ताटात वाढलं जाऊ लागलं. उपासना आणि पाण्याचा हंडा, दोन्ही एकाच अंगणात.

छापखानाही मुलीच चालवायच्या. साध्या बायांना समजेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. इतकी मोठी विद्या त्यांनी सोपा शब्द शोधण्यात खर्च केली! १९१३ मध्ये नवा करार निघाला. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी आईचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

त्या पुस्तकावर नाव रमाबाईंचं. पण एक एक खिळा जुळवणाऱ्या, कागद दुमडणाऱ्या आणि त्या सगळ्यांसाठी पहाटे पीठ मळणाऱ्या मुलींची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचं पाचारण कमी होतं का? एकीने जरी चुकीचा खिळा लावला असता, तरी वचन चुकीचं छापलं गेलं असतं.

म्हणून त्या मुलीला आता एवढंच सांगेन. तुझं बिल बरोबर भरलं गेलं तर कोणाचे तरी पैसे वेळेवर मिळतात, त्याच्या घरी चूल पेटते. देवाची सेवा ऑफिस सुटल्यावर सुरू होत नाही गं. कामाचं कौतुक होत नाही, कधी कंटाळाही येतो, हे खरं. पण ज्याच्यासाठी करतोय तो बघतोय.

आज काम सुरू करण्याआधी एक मिनिट थांबा. या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस आहे, त्याला आठवा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तूही सुताराच्या दुकानात घाम गाळलास. आज माझ्या हातात जे काम आहे, ते कोणाच्या तरी उपयोगी पडो. ते मी तुझ्यासाठी म्हणून नीट करावं, असं मन मला दे. आमेन.