आजीच्या गावचा डबा आणि विक्रम साराभाई

(बी.ए. द्वितीय वर्ष)

गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी स्थानके लागतात. दरेकसा सुटले की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. त्या डोंगरापलीकडे, दुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या आजीचे माहेर आहे. आजी सहीपुरतेच लिहिते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काय शिकते, असे घरी सहसा कोणी विचारीत नाही. मागच्या पावसाळ्यात मात्र एका संध्याकाळी मी ग्रंथालयातून आणलेले दूरदर्शनच्या इतिहासावरचे पुस्तक वाचत बसले होते, तेव्हा आजीने ते कशाचे आहे म्हणून विचारले. मी सांगताच ती हसली आणि म्हणाली, की तुमच्या गोंदियावाल्यांनी टीव्ही पाहिला त्याच्या किती तरी आधी मी पाहिला आहे.

मला ते खरे वाटले नाही. पण आजीने सारे बैजवार सांगितले. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. गावात धड वीज नव्हती. एक दिवस जीपमधून माणसे आली, त्यांनी शाळेजवळ तारेच्या जाळीची एक मोठी उलटी छत्री उभी केली आणि शाळेत एक डबा ठेवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशीच ती जाळी होती. संध्याकाळी सारे गाव पोती अंथरून बसू लागले. बाया पहिले काही दिवस लांब उभ्या राहिल्या, मग त्याही पुढे येऊन बसल्या. डब्यात धानाच्या रोगाविषयी सांगत, लहान मुलांना काय खाऊ घालावे ते सांगत, गाणी आणि नाटकेही दाखवीत. बोली मात्र शहरी हिंदी असायची, निम्मी डोक्यावरून जायची. वर्षभराने एका संध्याकाळी डबा लावला तर काहीच दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही. का बंद पडला, ते गावाला कोणी सांगितले नाही. आजीचे लग्न झाले, ती इकडे आली, नातवंडे झाली, पण तो डबा कोणी आणला आणि कोणी नेला हे कोडे तिला सुटले नव्हते.

तिचे कोडे सोडवावे म्हणून मी शोधू लागले आणि मला डॉ. विक्रम साराभाई भेटले. अग्निबाण आणि उपग्रह यांच्यामुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. शाळेत मीही तेवढेच शिकले होते. पण हा माणूस आमच्या आजीच्या शाळेच्या ओसरीपर्यंत कसा पोचला, ते कोणी शिकविले नव्हते. तेच या लेखात सांगायचे आहे.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक. आई सरलादेवी. घरात आठ मुले. त्यांच्यासाठी आईवडिलांनी घरातच शाळा काढली होती आणि तिथे निरनिराळ्या विषयांचे उत्तम शिक्षक येत. म्हणजे आमच्यासारख्यांच्या अगदी उलट. पण त्या घराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विक्रमभाईंच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये, अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. महात्मा गांधी कामगारांच्या बाजूने उपोषणाला बसले. मालकांच्या बाजूला होते अंबालाल, आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. एवढे होऊनही बहीणभावांचे नाते तुटले नाही. ज्या घरात पैसाही होता आणि पैशाला जाब विचारणारी आत्याही होती, त्या घरात हा मुलगा वाढला.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातून ते केंब्रिजला गेले. १९४० मध्ये त्यांनी तिथली विज्ञानाची पदवी मिळविली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. होमी भाभांशी त्यांची ओळख तिथलीच. तिथेच त्यांना मृणालिनी स्वामीनाथन भेटल्या. त्या भरतनाट्यम नर्तकी, आणि आझाद हिंद सेनेतील कॅप्टन लक्ष्मी यांच्या धाकट्या बहीण. १९४२ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे १९४९ मध्ये या दांपत्याने अहमदाबादेत नृत्य आणि नाट्य यांच्यासाठी ‘दर्पण’ ही संस्था स्थापन केली. शास्त्रज्ञाच्या घरात घुंगरांचा आवाज होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची गोष्ट नीट समजते.

१९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस. कापड उद्योगाची संशोधन संस्था त्यांनी उभी केली, १९६१ मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्थाही त्यांच्याच पुढाकाराने निघाली. १९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अग्निबाण सोडण्यासाठी जागा निवडली ती केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते, म्हणून ती जागा हवी होती. तिथे चर्च होते, बिशपचे घर होते, कोळ्यांची वस्ती होती. विक्रमभाई बिशपना जाऊन भेटले, आणि गावकऱ्यांच्या संमतीने चर्च व जमीन संशोधनासाठी मिळाली. चर्चमध्ये कार्यालय थाटले गेले. अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेचा होता, पण उडविणारे हात आपले होते. मला मात्र विज्ञानासाठी आपले गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेली ती कोळ्यांची कुटुंबे आठवत राहतात. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात सापडत नाहीत.

गरीब देशाला अवकाशाचे हे चोचले कशाला, असे त्या काळी पुष्कळांनी विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. विक्रमभाईंचे उत्तर असे होते, की चंद्रावर माणूस पाठविण्याच्या शर्यतीत आपल्याला उतरायचे नाही, आपल्याला माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी हे तंत्र वापरायचे आहे. त्यांच्या मनात दूरदर्शन होते. आणि तेही शहरातल्या दिवाणखान्यातले नव्हे, तर साऱ्या गावाने मिळून पाहायचे. टीव्हीचे मनोरे उभारीत गेले तर आधी शहरे, मग तालुके आणि सर्वांत शेवटी खेडी, असा क्रम लागणार, आणि शेवटच्या खेड्याला पिढ्या वाट पाहावी लागणार. उपग्रह मात्र आकाशातून सर्वांकडे सारखाच पाहतो. त्याला मुंबई काय आणि डोंगरातली वाडी काय, दोन्ही सारख्याच अंतरावर. म्हणून जे सर्वांत मागे आहेत त्यांच्यापर्यंत आधी पोचावे, असा त्यांचा हिशेब होता.

याची लहानशी सुरुवात २६ जानेवारी १९६७ रोजी झाली. दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सार्वजनिक संच ठेवून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम दाखविला जाऊ लागला. १९६६ मध्ये भाभांचे विमान अपघातात निधन झाल्यावर अणुशक्ती आयोगाची धुराही विक्रमभाईंकडे आली होती. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. अमेरिकेने आपला एक उपग्रह वर्षभर भारताला वापरायला द्यायचा, आणि संच, छत्र्या व कार्यक्रम सारे भारताने करायचे, असा तो करार होता.

हा करार प्रत्यक्षात आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अणुशक्ती, अवकाश, प्रयोगशाळा, सतत प्रवास, इतका भार एका माणसाने वाहिला. थुंब्याच्या कामासाठी गेलेले असताना ३० डिसेंबर १९७१ च्या पहाटे कोवळमला झोपेतच त्यांचे निधन झाले. वय फक्त ५२ वर्षे. त्यांना १९६६ मध्ये पद्मभूषण मिळाले होते, १९७२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

काम सहकाऱ्यांनी पुढे नेले. त्यांत डॉ. यश पाल होते आणि कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीसही होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर सहा राज्यांतील २४०० खेड्यांत उपग्रहावरून कार्यक्रम पोचले. रोज चार तास. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला, करमणूक. हा प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे होते. म्हणजे उपग्रहाचा टीव्ही दरेकशाच्या डोंगरापलीकडे येऊन थांबला होता. आजी खरेच सांगत होती!

समाजशास्त्रज्ञांनी काही गावांत राहून या प्रयोगाचा अभ्यास केला. पहिल्या दिवसांची गर्दी पुढे ओसरली, हेही त्यांनी नोंदविले. पण आरोग्याविषयीची माहिती निरक्षरांना आणि स्त्रियांना विशेष उपयोगी पडली, असेही दिसून आले. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांनाच डब्याने जास्त दिले.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात तर याहून पुढचे पाऊल पडले. पीज गावी एक लहान प्रक्षेपण केंद्र उभारून भोवतालच्या सुमारे ४०० गावांत, बहुतेक दूधसंस्थांच्या आणि शाळांच्या इमारतींत, सार्वजनिक संच ठेवले गेले. तिथे कार्यक्रम करणारी मंडळी आधी गावात जाऊन लोकांच्या अडचणी ऐकत, आणि त्यांतून त्यांच्याच बोलीत नाटुकली तयार होत. गावचीच माणसे त्यांत कामे करीत. सावकारी, अस्पृश्यता, हुंडा, मजुरी असे बोचणारे विषयही तिथे आले. या कामाला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. तरी १९८५ मध्ये ते केंद्र बंद झाले. तोवर आपला स्वतःचा उपग्रह आकाशात गेला होता, मनोरे भराभर उभे राहत होते, आणि दिल्लीहून एकच कार्यक्रम साऱ्या देशाला दिसू लागला होता. उपग्रह मिळाला, पण ज्याच्यासाठी तो मागितला होता ते गाव पडद्यावरून मागे सरले.

आता हे सारे मला इतके का लागले, ते सांगते.

माझ्या धाकट्या भावाचे लहानपणापासून हातपाय ठणकत. डोळे पिवळे दिसत. नजर लागली म्हणून दोन वर्षे झाडफूक झाली. शेवटी रक्त तपासले तेव्हा तो सिकलसेलचा रुग्ण निघाला. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी जन्मण्याचा संभव चारात एक असतो. वाहक माणसाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला ते ठाऊकच नसते. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी केली तर कळते. एवढी गोष्ट आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. घरी टीव्ही होता, हातात मोबाईलही होते. त्यांत साऱ्या जगाच्या बातम्या येत होत्या. फक्त आमच्या घराविषयीचे तेवढे वाक्य, आमच्या झाडीबोलीत, कोणी आमच्यापर्यंत आणले नाही.

विक्रमभाईंच्या मोठेपणाबरोबर त्यांच्या स्वप्नाची मर्यादाही मला इथेच दिसते. उपग्रह सर्वांकडे सारखा पाहतो हे खरे, पण बोलणारा कोण हे उपग्रह ठरवीत नाही. ते माणसांना ठरवावे लागते. खेड्याच्या लोकांना ते उमगले होते.

आजीला मी तिच्या कोड्याचे उत्तर सांगितले. डबा बंद पडला कारण उपग्रह उसना होता, आणि वर्ष संपताच ज्याचा त्याने परत नेला. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की उसने नेले ते ठीक, पण पुढे स्वतःचे घेतले तेव्हा आमच्या गावाला विसरले कसे? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात. चित्र घेणारे यंत्र तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सिकलसेलवर झाडीबोलीतली एक छोटी दंडार बसवावी आणि तिचे चित्रण करून गावोगावी दाखवावे, असे आम्ही चौघीजणींनी ठरविले आहे. सरांनी होकार दिला आहे. भाऊ ढोलकी वाजविणार म्हणतो. त्याला जास्त श्रम झेपत नाहीत, म्हणून तालमी लवकर आटोपायच्या आहेत. पहिला खेळ आजीला दाखवायचा. ती या वेळी पोते अंथरून अगदी पुढे बसणार आहे.