छडीविना शिस्त

साने गुरुजी म्हटले की ‘श्यामची आई’ आठवते. अमळनेरचे छात्रालय मात्र आपण विसरतो. कोकणातल्या पालगडला १८९९ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्यांत पसारा असे. गुरुजी रागावत नसत. स्वतः खोल्या झाडीत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. ओशाळलेली मुले मग आपणहून आवरू लागत. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. ११ जून १९५० रोजी गेले.

वर्ग वसमतचा असो की मुंबईचा, छडी क्षणात उगारता येते. मुलांचा लळा मिळवायला मात्र दिवस घालावे लागतात. गुरुजींनी ते घातले.