दामलेमामा : नाटकाच्या पडद्यापासून तुकोबांपर्यंत

दिंडीच्या शताब्दी अंकात सिनेमावाल्याचं चरित्र कशाला, असं कुणाला वाटेल. आमच्या बैठकीतही हा प्रश्न निघालाच. पण विजयदुर्गात आपल्या घरांतून आजही तुकोबा म्हटलं की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीसांचा चेहरा येतो. तो चेहरा आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. दुसरे शेख फत्तेलाल. सिनेमाच्या लोकांत हे दामलेमामा आणि साहेबमामा.

दामलेमामा आपल्या कोकणचेच. जन्म पेणचा, १८९२ चा. तरुणपणी ते कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंच्या हाताखाली आले. हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. भल्यामोठ्या कापडावर राजवाडा, रस्ता, अरण्य काढायचं आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते खरं वाटायला हवं. मामांची पहिली शाळा ही.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि मेस्त्री बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा घरीच करायचा असं ठरलं. हे काम केवढं अवघड! फिल्मची पट्टी सेकंदाला पंधरा-सोळा वेळा थांबली पाहिजे, पुन्हा सरकली पाहिजे. चाकाचा एक दात चुकला तर चित्र थरथरतं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पण बाबूरावांनी हातातलं काम सोडलं नाही आणि दामले त्यांच्या जोडीला होते. १९१८ पर्यंत कॅमेरा उभा राहिला. पडद्यावर कुंचला फिरवणारा माणूस आता लेथवर पितळ घासत होता. आपल्याकडे दशावतारात एकच माणूस रंग लावतो, मुकुट दुरुस्त करतो आणि वेळ आली तर संकासूरही होतो, त्यातलाच हा प्रकार.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत हे सगळे हात एकत्र आले. १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी त्यांनी ती कंपनी सोडली. ज्यांच्याकडे कला शिकलो त्या बाबूरावांना सोडून जाणं सोपं नसणार. या गोष्टीवर कोल्हापुरात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं होती. मला विचाराल तर सोडलं नसतं, तर मामांचं पुढचं काम झालंच नसतं. पण म्हणून बाबूरावांचं ऋण कमी होत नाही. १ जून १९२९ रोजी शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात कंपनी निघाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली.

दरम्यान बोलपट आला. मामा चाळिशीला टेकलेले. तरी ‘अयोध्येचा राजा’साठी त्यांनी ध्वनिमुद्रणाचं काम अंगावर घेतलं. त्या काळी नट अभिनय करता करताच गाणार आणि त्याच वेळी ते टिपायचं. चित्रकार, यंत्रकार, आता कानांचा कारागीर. नवं शिकताना जुनं त्यांनी टाकलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ते सगळं १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये कामी आलं. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. पागनीस नाटकात स्त्रीभूमिका केलेले, तर जिजाई झालेल्या गौरी प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून आलेल्या. दामले-फत्तेलाल यांनी त्यांच्याकडून असं काम करून घेतलं, की देहूतलं घर, भूक, जिजाईचा त्रागा सारं आपल्याच आळीतलं वाटतं. शेवटी वैकुंठगमनाचं विमान आहेच. पण इतकं यंत्रज्ञान असलेल्या माणसाने चमत्कारांना घरातल्या भांडणावर कुरघोडी करू दिली नाही. शांताराम आठवल्यांनी अभंगाच्या वळणाने लिहिलेलं एक गाणं तर जाणकारांनाही तुकोबांचंच वाटलं आणि गाथेत त्याचा शोध घेतला गेला, असं सांगतात. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली.

श्रेयाला दोन नावं होती, एक ब्राह्मणाचं, एक मुसलमानाचं. कुणाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं, हे पाहणाऱ्याला कळत नाही. पुढे १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ मध्ये, राजा नेने यांच्यासह, ‘संत सखू’ झाला.

१९४५ च्या जुलैमध्ये मामा गेले. वय बावन्न. साहेबमामा १९६४ पर्यंत होते. प्रभातच्या जागेत १९६० पासून सरकारची फिल्म संस्था आहे.

येत्या तुकाराम बीजेला रात्री कीर्तनानंतर मांडवात ‘संत तुकाराम’ दाखवायचं ठरलं आहे. मंडळींनी बसायला चटया घरून आणाव्यात.