फादर स्टीफन्स : सांगण्याआधी शिकलेला माणूस

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकताना आपण लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत असं करत पुढे सरकतो आणि सतराव्या शतकाच्या दारात एक वेगळंच नाव भेटतं : फादर थॉमस स्टीफन्स. परीक्षेपुरतं पाठ करायचं ते एवढंच. इंग्रज धर्मगुरू, ग्रंथ 'ख्रिस्तपुराण', साल १६१६. दोन मार्क मिळतात, पान उलटतं. पण हा माणूस गोव्यात उतरला १५७९ मध्ये. म्हणजे बोटीतून उतरल्यापासून ग्रंथ छापून हातात येईपर्यंत सदतीस वर्षं गेली. आपल्यातल्या बहुतेकांचं वयही तेवढं नाही! शुभवर्तमान दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतःची तयारी किती करावी लागते, हे समजून घ्यायला ही सदतीस वर्षं बघण्यासारखी आहेत.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, बुशटन नावाच्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात तेव्हा आदिलशाही होती आणि तिथला नामांकित सरदार असदखान लारी त्याच सुमारास, १५४९ मध्ये वारला. आदिलशाही दरबारातल्या भांडणांचा फायदा घेत पोर्तुगीजांनी १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी हे गोव्यालगतचे दोन महाल मिळवले होते. साष्टी म्हणजे मडगावच्या आसपासचा दक्षिण गोव्याचा भाग, मुंबईजवळची साष्टी नव्हे. पुढे स्टीफन्स यांचं सगळं आयुष्य याच साष्टीत जाणार होतं.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं सोपं नव्हतं. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सा बेकायदा होती आणि धर्मगुरूंना लपूनछपून फिरावं लागे. स्टीफन्स यांचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचं ठरवलं होतं. काही काळ स्टीफन्स पाउंडचा नोकर असल्याचं भासवून त्याच्याबरोबर हिंडले. पण निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि त्याची पुढची सुमारे तीस वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. आपल्या श्रद्धेवर बंदी आली की माणसाचं काय होतं हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचले. साडेसहा महिन्यांहून जास्त प्रवास. उतरल्यावर तीनच आठवड्यांच्या आत त्यांनी वडिलांना एक मोठं पत्र लिहिलं. वारे, प्रवाह, आफ्रिकेच्या टोकाचं वादळ, हिरड्या सुजून माणसं लोळागोळा होण्याचा आजार, सगळं त्यात आलं आहे. पुढे हॅक्लूटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात हे पत्र छापलं गेलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचं नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली साष्टीत. इथे जरा थांबायला हवं, कारण साष्टीची तेव्हाची परिस्थिती सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं मोठ्या संख्येने पाडली गेली. पोथ्या जप्त होत होत्या. गंमत बघा, यातल्या काही मराठी पोथ्या येशूसंघाच्या लोकांच्या हाती आल्या आणि त्यांवरूनच ते मराठी शिकायला लागले. म्हणजे एका हाताने पोथी हिसकायची आणि दुसऱ्या हाताने तीच उघडून वाचायची, असा तो काळ. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावात लोकांचा राग उफाळला आणि रुडॉल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह येशूसंघाचे पाच जण मारले गेले. हे आक्वाव्हिवा म्हणजे अकबराच्या दरबारात जाऊन आलेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलावून घेऊन ठार मारलं. दोन्हीकडे रक्त सांडलं. हा इतिहास आपण कॅथलिक मुलांनी तरी झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

त्याच वर्षी स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या भावाला, रिचर्डला, एक पत्र पाठवलं. कुंकळ्ळीच्या घटनेला जेमतेम तीन महिने झाले होते. या पत्रात त्यांनी इथल्या भाषांबद्दल एक निरीक्षण नोंदवलं : या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृतबद्दल अशीच गोष्ट मांडली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. भाषाविज्ञानाच्या तासाला जोन्स यांचं नाव हमखास येतं, स्टीफन्स यांचं क्वचितच. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपले सोबती मारले गेलेत, प्रदेश धुमसतोय, आणि हा माणूस इथल्या लोकांच्या भाषेला ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीत बसवतोय. त्या काळच्या युरोपातल्या शिकलेल्या माणसासाठी याहून मोठा मान दुसरा नव्हता.

याच सुमाराची आणखी एक हकिगत आपल्या गावाला येऊन भिडते. १५८३ च्या अखेरीस चार इंग्रजांना होर्मुझमध्ये पकडून गोव्याच्या तुरुंगात आणलं गेलं. त्यांत राल्फ फिच हा व्यापारी होता. हेर असल्याचा संशय होता. ज्या इंग्लंडने स्टीफन्स यांचा धर्म बेकायदा ठरवला, त्याच इंग्लंडची ही माणसं. तरीही स्टीफन्स त्यांच्यासाठी धावपळ करत राहिले आणि त्यांची जामिनावर सुटका झाली. पुढे १५८४ मध्ये फिच गोव्यातून निसटला. वाटेत लागलेल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून त्याने बेळगावची नोंद केली आहे, आणि तिथल्या हिरे-माणकांच्या मोठ्या बाजाराचीही. स्टीफन्स यांनी मदत केली नसती तर बेळगावचा तो उल्लेख कदाचित आपल्याला मिळालाच नसता.

आता मुख्य ग्रंथाकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. साष्टीतल्या देवळात पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असतात. तिथे नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्यांना विचारतो, ते साधारण असं : तुम्ही शिकवता ते चांगलं आहे, पण नुसत्या धड्यांवर मन कसं भरणार? आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला तुमचं पुराण का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. मला हा सगळ्या ग्रंथातला सर्वात खरा क्षण वाटतो. विचारणाऱ्याच्या आवाजात तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. लेखकाला ती गाळता आली असती, पण त्याने ती ग्रंथाच्या दारातच ठेवली. पुढेही ऐकणारे मध्येच शंका काढतात आणि पाद्री उत्तर देतात. एकतर्फी प्रवचन नाही, आपल्या कीर्तन-पुराणातला श्रोता-वक्ता संवाद आहे.

उत्तर कोणत्या रूपात द्यायचं हेही त्यांनी इथूनच घेतलं. ओवी. ज्ञानेश्वर आणि एकनाथांची ओवी. सुरुवातीला नमन, मग कथा, अध्यायांना नाव 'अवस्वरु'. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरु आणि दुसऱ्यात ५९. मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. विचार करा, केवढं धाडस आहे हे! एका शब्दात इथल्या माणसाच्या मनातलं सगळं जुनं आभाळ आत येतं, आणि ते येऊ द्यायची त्यांची तयारी होती. भाषेबद्दल त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की कठीण मराठी शब्द टाळून इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, लोकांना कळावं म्हणून. त्यामुळे ग्रंथ मराठी आहे, पण त्याच्या अंगाला कोकणीचा वास आहे. मराठीची थोरवी गाताना तर ते फुलं, सुगंध, पक्षी, रत्नं अशा उपमांची रांगच लावतात. मराठीच्या इतक्या मनापासून केलेल्या स्तुतीचा कर्ता विल्टशरचा इंग्रज असावा, याचं नवल संपत नाही.

अर्थात ग्रंथात सगळंच गोड नाही. मूर्तिपूजेवर आणि इथल्या देवतांवर कडक टीका आहे. आज वाचताना ती टोचते. स्टीफन्स आपल्या काळाचे होते आणि त्यांच्या मागे पोर्तुगीज सत्तेची तलवार उभी होती. ज्याच्या स्वतःच्या देशात मिस्सेवर बंदी होती तो इथे दुसऱ्यांच्या पूजेवर बंदी असलेल्या प्रदेशात काम करत होता. हा पेच त्यांना किती जाणवला असेल हे ग्रंथात सरळ कुठे येत नाही. पण तलवार ज्यांच्या बाजूने असते त्यांना भाषा शिकायची फारशी गरज वाटत नाही, आणि यांनी तर जन्मभर शिकली.

छपाईचीही एक कथा आहे. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, पण देवनागरीचे खिळे नव्हते. इथल्या लिपीत छापायला शेकडो साचे लागणार, रोमनला चोवीस पुरतात. स्टीफन्स यांची इच्छा इथल्याच अक्षरांत छापायची होती आणि १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना तसं लिहिलंही. ते जमलं नाही. शेवटी १६१६ मध्ये रायतूरला, ज्याला पोर्तुगीज राशोल म्हणत, ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. तुकाराम तेव्हा देहूत आठ वर्षांचे होते.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स साष्टीतच वारले. इंग्लंडला ते परत गेलेच नाहीत. त्यांचं कोकणीतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२२ मध्ये निघालं. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण दिओगो रिबेरो यांनी वाढवलं आणि ते १६४० मध्ये छापून आलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानतात. त्या पुस्तकाच्या नावात भाषेला 'कानारी' म्हटलंय! मराठी, कोकणी आणि कन्नड यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येईल. कुठली भाषा कुणाची, हा गोंधळ चारशे वर्षांपूर्वीही होताच.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने इथल्या लोकांची भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. मग ग्रंथ वाचला कसा? तर लोकांनी हाताने नकला केल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी त्या जपल्या, रविवारी आणि उपवासकाळात त्यातल्या ओव्या गायल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीत तो पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्स यांची देवनागरीची इच्छा छापील रूपात पुरी व्हायला ३४० वर्षं लागली.

आता आपल्याकडे बघू. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला आणि त्यात मराठी, कोकणी, कन्नड बोलणारी सगळी माणसं आली. एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांच्या घरात तीन भाषा असतात. निपाणीकडच्या मुलाच्या मराठीला कोल्हापूरचा ठसका, खानापूरच्या मुलीच्या बोलण्यात कोकणीची लकब, आणि बाजारात सगळ्यांनाच कन्नड लागतं. भाषेवरून आपल्याकडे मोर्चे निघालेत, पाट्यांना काळं फासलंय. अशा ठिकाणी आपल्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर आपण बहुतेक वेळा इंग्रजीत पाठ केलेलं काहीतरी बोलून मोकळे होतो. समोरच्याला ते कळलं का, त्याच्या शब्दांत ते कसं दिसेल, याचा विचार राहून जातो.

संत पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असावं, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावं, असं सांगितलंय. ते ऐकताना आपलं लक्ष 'उत्तर' या शब्दावर जातं. पण उत्तर यायचं तर आधी कुणीतरी विचारलं पाहिजे, आणि माणूस विश्वास असल्याशिवाय मनातलं विचारत नाही. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने विचारलं, कारण समोरचा पाद्री त्याची भाषा बोलत होता आणि त्याची तक्रार ऐकून घेणार होता. आपल्या वर्गातल्या लिंगायत मैत्रिणीचं वचन, वारकरी घरातल्या मित्राचा हरिपाठ, मुस्लिम शेजाऱ्याचा रोजा, यांतलं आपल्याला किती ठाऊक आहे? ते ठाऊक करून घेणं हाही शुभवर्तमानाच्या तयारीचाच भाग आहे, आणि त्यात आपल्या श्रद्धेचं काहीही कमी होत नाही.

सुरुवात साधीच करता येईल. ख्रिस्तपुराण ग्रंथालयातून मागवा, नाही मिळालं तर आंतरग्रंथालय सेवेतून मिळतं का विचारा. पहिला अवस्वरु घ्या आणि मोठ्याने वाचा. ओवी डोळ्यांनी वाचली तर अडते, गळ्यातून आली की सुटते. काही शब्द कळणार नाहीत. तिथे कोकणी बोलणाऱ्या कुणाला तरी विचारा, आजीला विचारलं तर उत्तमच. एवढं केलं तरी परीक्षेतल्या त्या दोन मार्कांपेक्षा बरंच जास्त हाती लागेल.