इग्नाझ सेमेलवाइस : हात धुण्याचा आग्रह

प्रसूतिशास्त्रज्ञ इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती विभागाचे साहाय्यक झाले. तेथे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. त्या वर्षी पहिल्या कक्षात शंभरांतील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. बळी घेणारा मुख्य आजार होता सूतिकाज्वर. पहिल्या कक्षात जावे लागू नये म्हणून स्त्रिया विनवण्या करीत.

दूषित हवा हे त्या काळचे सर्वमान्य कारण होते. परंतु हवा दोन्ही कक्षांना एकच होती आणि गर्दी तर दुसऱ्याच कक्षात अधिक होती. सेमेलवाइस यांनी अशी एकेक शक्यता आकड्यांवर तपासून बाजूला सारली. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून मरण पावले. त्यांच्या शरीरात बाळंतिणींसारखीच विकृती आढळली आणि कोडे उलगडले. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. सुइणी शवांना हात लावीत नसत.

मे महिन्याच्या मध्यास त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोनवर आले.

तरीही वैद्यकविश्व बधले नाही. जंतूंचा सिद्धान्त अजून प्रस्थापित व्हायचा होता आणि मृत्यू आपल्याच हातून घडतात, हे मान्य करणे डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइस यांनीही सविस्तर लेखन केले ते थेट १८६१ मध्ये. १८४९ मध्ये त्यांची मुदत वाढवली गेली नाही. पुढे पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात १८५१ ते १८५७ या काळात ९३३ प्रसूतींत सूतिकाज्वराचे केवळ आठ मृत्यू झाले. विरोधकांना लिहिलेल्या त्यांच्या जळजळीत पत्रांनी मात्र कटुताच वाढवली. अखेर त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथेच १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखम चिघळून त्यांचा अंत झाला.

दोनच वर्षांनी जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेखन प्रसिद्ध केले. आज हात धुणे हा रुग्णसेवेचा पहिला पाठ आहे आणि तो रोज पाळला जावा म्हणून रुग्णालयांना आजही झटावे लागते. पुरावा सिद्ध होणे वेगळे आणि तो खाटेपाशी अंगवळणी पडणे वेगळे. सेमेलवाइस यांचे आयुष्य या दोहोंमधल्या अंतरात खर्ची पडले.