पॅट्रिक ब्लॅकेट

पॅट्रिक मेनार्ड स्टुअर्ट ब्लॅकेट (१८ नोव्हेंबर १८९७ – १३ जुलै १९७४) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. विश्वकिरणांवरील संशोधनासाठी त्यांना १९४८ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. खडकांत गोठलेल्या चुंबकत्वाच्या अभ्यासाला शास्त्राचे स्थान मिळवून देणाऱ्यांतही त्यांची गणना होते. या अभ्यासाकडे ते वळले ते स्वतःचाच एक सिद्धांत खोटा ठरल्यामुळे.

पूर्वायुष्य

ब्लॅकेट यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्यांचे शिक्षण ऑस्बर्न व डार्टमथ येथील नौदल विद्यालयांत झाले आणि पहिल्या महायुद्धात फॉकलंड बेटांजवळील व जटलंडच्या लढायांत ते प्रत्यक्ष सहभागी होते. युद्धानंतर नौदल सोडून ते केंब्रिजला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या हाताखाली काम करू लागले. आवेशित कणांचे मार्ग धुक्याच्या रेषांच्या रूपाने दाखवणाऱ्या बाष्पकोठीची सुमारे २३,००० छायाचित्रे घेऊन त्यांनी अवघे आठ दुभंगलेले मार्ग शोधून काढले. नायट्रोजनच्या अणुकेंद्राचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर होतानाचे ते पहिले दृश्य पुरावे होते. पुढे जुझेप्पे ओकियालिनी यांच्यासह त्यांनी विश्वकिरण आले की आपोआप छायाचित्र टिपणारी बाष्पकोठी तयार केली व १९३३ मध्ये पॉझिट्रॉनच्या अस्तित्वाला पुष्टी दिली. १९३७ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीविरोधी मोहिमांना गणिती विश्लेषणाची जोड देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

फिरत्या गोलांचे चुंबकत्व

पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र का आहे, हा प्रश्न १९४७ मध्येही अनुत्तरित होता. कन्या तारकासमूहातील ७८ क्रमांकाच्या ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र होरेस बॅबकॉक यांनी नुकतेच मोजले होते. पृथ्वी, सूर्य आणि हा तारा या तिन्हींचे चुंबकीय परिबल व कोनीय संवेग यांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे येते, असे ब्लॅकेट यांच्या लक्षात आले. यावरून त्यांनी असे मांडले की, केवळ स्वतःभोवती फिरण्यामुळेच कोणत्याही वस्तुमानाला चुंबकत्व प्राप्त होते आणि हा निसर्गाचा एक मूलभूत नियम असावा. ही कल्पना अगदी नवी नव्हती. मँचेस्टरच्या त्याच अध्यासनावरील त्यांचे पूर्वसूरी आर्थर शुस्टर यांनी तिचा विचार केला होता. तथापि ती कसोटीला लावण्याची चिकाटी ब्लॅकेट यांनी दाखवली.

पहिली कसोटी खाणींत झाली. चुंबकत्व पृथ्वीच्या साऱ्या वस्तुमानात विखुरलेले असेल, तर क्षेत्राचा आडवा घटक खोलीबरोबर घटायला हवा. उगम गाभ्यात असेल, तर तो वाढायला हवा. कीथ रनकॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील कोळशाच्या खोल खाणींत मोजमापे घेतली आणि क्षेत्र वाढत असल्याचे आढळले.

दुसरी कसोटी ब्लॅकेट यांनी स्वतः घेतली. शहराच्या विद्युत व्यत्ययांपासून दूर, जॉड्रेल बँक येथील चुंबकरहित खोलीत त्यांनी उसन्या घेतलेल्या शुद्ध सोन्याचा १५.२ किलोग्रॅमचा दंडगोल ठेवला. सोने अतिशय जड आणि चुंबकीय गुणरहित असते. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या या दंडगोलाभोवती सिद्धांतानुसार अत्यंत क्षीण क्षेत्र असायला हवे होते. ते टिपण्यासाठी त्यांनी असामान्य संवेदनक्षमतेचा चुंबकत्वमापक रचला. क्षेत्र आढळले नाही. १९५२ च्या प्रदीर्घ निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी हा प्रयोग नकारात्मक असल्याचे नोंदवले. नोबेल विजेत्याने आपल्याच कल्पनेचा इतका काटेकोर शेवट केल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत.

खडकांकडे वळण

सिद्धांत गेला, उपकरण मात्र हाती राहिले. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे विशिष्ट तापमानाखाली (मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८०° से.) त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, गाळाच्या खडकांत ही नोंद बारीक कणांच्या मांडणीतून व नंतर तयार होणाऱ्या लोहखनिजांतून राहते. ती बहुधा फार दुबळी असते आणि ब्लॅकेट यांचा मापक तेवढ्यासाठी पुरेसा होता. जॉन क्लेग, मेरी अल्मंड व पीटर स्टब्ज या सहकाऱ्यांना इंग्लंडच्या ट्रायासिक काळातील तांबड्या वालुकाश्मांत आजच्या उत्तरेपासून सुमारे ३४° वळलेली दिशा सापडली. त्यांनी १९५४ मध्ये निष्कर्ष काढला, की ब्रिटनची भूमीच तेवढी फिरली असावी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पुढचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांची मोजमापे प्रसिद्ध केली; त्यांत दख्खन ट्रॅपचा समावेश होता. सह्याद्रीच्या आजच्या अक्षांशावर चुंबकसूची क्षितिजाकडून फारशी कलत नाही. या बेसाल्टमध्ये गोठलेल्या दिशा मात्र पुष्कळ अधिक कललेल्या आणि दक्षिण गोलार्धाशी जुळणाऱ्या होत्या. केंब्रिजचे एडवर्ड आयर्विंग यांनाही असेच आढळले होते. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा लाव्हा वाहत असताना, भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही याच दशकात ट्रॅपच्या चुंबकत्वाचा अभ्यास सुरू झाला.

खंडविप्लवाची, म्हणजे खंडे सरकत आल्याची कल्पना त्या काळी बहुतेक भूवैज्ञानिकांना अमान्य होती. १९५३ पासून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात असलेल्या ब्लॅकेट यांनी तिची बाजू आकड्यांनिशी मांडली. १९६४ मध्ये बुलार्ड व रनकॉर्न यांच्यासह त्यांनी रॉयल सोसायटीत या विषयावर परिसंवाद घडवला.

खडकांतून गतकालीन क्षेत्र वाचण्याची ही रीत पुढे पृथ्वीबाहेरही उपयोगी पडली. आज सर्वव्यापी क्षेत्र नसलेल्या चंद्राचे खडक अपोलो मोहिमांनी आणले, तेव्हा त्यांत चुंबकत्व आढळले. चंद्राच्या गाभ्यातही कधीकाळी क्षेत्र निर्माण होत असावे, असा अर्थ रनकॉर्न यांनी लावला. १९९० च्या दशकाअखेर मंगळाच्या दक्षिणेकडील प्राचीन कवचातही असे चुंबकत्व सापडले.

उत्तरायुष्य

ब्लॅकेट डाव्या विचारांचे होते आणि अण्वस्त्रधोरणावरील त्यांची टीका ब्रिटिश सरकारला रुचली नाही. जवाहरलाल नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी स्वतंत्र भारताला संरक्षणविषयक संशोधनाबाबत सल्ला दिला व १९४८ मध्ये अहवाल सादर केला. १९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९६९ मध्ये त्यांना आजीव उमरावपद मिळाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.